मास्तर आणि राजा यांच्यामधली कचेरी

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 साली पुस्तकरूपाने आली. औंध संस्थानातल्या एका तरुण मास्तराची ही गोष्ट. त्या संस्थानाचा बराचसा भाग आज सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आहे आणि ही आमची भूमी, म्हणून ही कादंबरी आम्ही जरा हक्काने वाचतो. त्यातला आयबू तर आपलाच. धनगरांच्या वाडीत एक मुसलमान मास्तरांच्या जवळचा होतो आणि लेखक त्याचा कसलाही गवगवा करीत नाही. आजचा आमचा प्रश्न मात्र वेगळा आहे. या कादंबरीत शाळा आहे, कारभारी आहे, दुष्काळ आहे. तालमीच्या उद्घाटनाला तर खुद्द राजेसाहेब वाडीवर येतात. मग मास्तर आणि राजा यांच्यामधली कचेरी एवढी पुसट का?

याचे एक उत्तर इतिहासात आहे. औंध हे 72 गावांचे छोटे संस्थान. भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 साली गांधीजींच्या सल्ल्याने गावपंचायतींच्या हाती कारभार सोपवला. अशा राज्यात मास्तराचे गाऱ्हाणे राजाच्या कानी जाणे अशक्य नव्हते. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले, 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या. सत्ता गावाजवळ यावी हा हेतू. पण शिक्षकाच्या वाट्याला आली ती टेबलांची रांग. वैयक्तिक मान्यता, सेवापुस्तिका, मेडिकल बिल, फरक बिल, बदली. प्रत्येक कागदाला एक टेबल, आणि प्रत्येक टेबलाचा एक भाव, जो कुठेही लिहिलेला नसतो आणि सर्वांना तोंडपाठ असतो.

मराठी कादंबरीने या रांगेकडे पाहिले ते रमेश इंगळे उत्रादकरांच्या 'निशाणी डावा अंगठा'मध्ये. साक्षरता मोहिमेत माणसे निरक्षरच राहतात आणि आकडे साक्षर होतात, हे त्यांनी हसत हसत दाखवले. ही कादंबरी आम्हांला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात खलनायक कुणी एक नाही. वरून फर्मान येते, खालून अहवाल जातो, मधले सगळे आपापली सही करतात. तरीही आमची एक तक्रार आहे. त्या हसण्यात वाचक सुटून जातो. खोटा आकडा विनोदी असू शकतो. नोकरीसाठी आईचे दागिने गहाण ठेवून संस्थाचालकाला दिलेले 'डोनेशन' विनोदी नसते, आणि त्या नोकरीच्या मान्यतेसाठी पुन्हा वेगळे पाकीट द्यावे लागते तेव्हा तर मुळीच नसते.

हे काल्पनिक नाही. डिसेंबर 2021 मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेच्या गैरव्यवहारात राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच पुणे पोलिसांनी अटक केली. पुढच्या वर्षी साडेसात हजारांहून अधिक परीक्षार्थी अपात्र ठरले. मे 2022 मध्ये सांगलीचे आणि ऑक्टोबर 2022 मध्ये सोलापूरचे शिक्षणाधिकारी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यात सापडले. नावे आम्ही लिहीत नाही. दोषी कोण हे न्यायालय सांगेल. आमचे लक्ष त्या साडेसात हजारांकडे जाते. ते घेणारे नव्हते, त्यांच्यावरचा आरोप देण्याचा होता. म्हणजे ते आमच्याच जातकुळीचे, फळ्यासमोर उभे राहू पाहणारे.

देणाऱ्याची गोष्ट आपल्याकडे लिहिली जात नाही. प्रेमचंदांची 'नमक का दारोगा' आम्ही उर्दूतून वाचली आणि वर्गात शिकवलीही. (प्रेमचंद स्वतः शाळा-तपासनीस होते, हे मुलांना सांगितले की ती चकित होतात.) त्या कथेत लाच नाकारणारा वंशीधर आठवतो. पण शेवटी लाच देऊ पाहणारे पंडित अलोपीदीनच त्याला आपल्या पदरी नोकर ठेवतात आणि डोळे आपल्या पाण्याने भरतात. आम्हांला आता तो शेवट खटकतो. देणारा मोकळा सुटला, वर उदारही ठरला.

आपल्या दीनमध्ये अशी सूट नाही. सूरह बकराच्या 188 व्या आयतीत हाकिमांपर्यंत माल पोहोचवून दुसऱ्याचा हक्क गिळण्यास मनाई आहे. हदीसमध्ये राशी आणि मुर्तशी, म्हणजे देणारा आणि घेणारा, दोघांवर लानत आहे. 2018 च्या दुरुस्तीनंतर देशाचा कायदाही देणाऱ्याला गुन्हेगार मानतो. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवायचे, एवढीच सवलत. जुम्म्याच्या बयानात हे आम्ही ऐकतो आणि सोमवारी 'मजबुरी होती' म्हणतो. मजबुरी खरीही असते. ती कुठे संपते आणि सोय कुठे सुरू होते, हा कादंबरीचा विषय आहे, आणि तो अग्रलेखाला पेलणारा नाही.

आयबू आज बी.एड. होऊन शिक्षणाधिकाऱ्यांच्या दालनाबाहेरच्या बाकावर बसला असता, खिशात पाकीट आणि ओठांवर दरूद घेऊन, तर माडगूळकरांनी त्याचे काय केले असते, याचा विचार आम्ही पुष्कळदा करतो. ही गोष्ट लिहायला बाहेरचा लेखक चालणार नाही. त्या बाकावर बसलेल्यांपैकीच कुणीतरी हवा. तसे आम्ही पुष्कळ आहोत. पण एकाचे फरक बिल अडकले आहे, दुसऱ्याची बदली व्हायची आहे, तिसऱ्याची मान्यता अजून आलेली नाही.