जाड नळ की चार रूळ?

संगणकांच्या जाळ्यांचा पाठ 'लिंक ॲग्रिगेशन'पाशी आला की नळाची उपमा हमखास पुढे येते. दोन स्विचमधल्या दोन केबल एकत्र बांधल्या की एक जाड नळ होतो आणि माहिती दुप्पट वाहते, असे सांगितले जाते. उपमा सोपी आहे, पण ती दोन ठिकाणी फसवते आणि दुसरी फसवणूक अधिक महाग पडते.

पहिली गोष्ट वेगाची. मीरा रोड-भाईंदरच्या विद्यार्थ्याला याहून चांगली उपमा घराजवळ मिळते. बोरिवली-विरार मार्गाचे चौपदरीकरण २००७ मध्ये पूर्ण झाले. दोनाचे चार रूळ झाले, गाड्या वाढवता आल्या. पण कोणतीही एक लोकल त्यामुळे दुप्पट वेगाने धावू लागली नाही. एक गाडी एकाच रुळावरून जाणार. तिचे निम्मे डबे शेजारच्या रुळावर घालता येत नाहीत. स्विचही असेच करतो. पाठवणारा व घेणारा यांच्या पत्त्यांवरून गणित करून तो एका संभाषणाची सगळी पाकिटे एकाच केबलमधून धाडतो, नाहीतर त्यांचा क्रम बिघडेल. म्हणून १ गिगाबिटच्या दोन केबल असल्या, तरी दोन संगणकांमध्ये एक मोठी फाइल जाताना वेग १ गिगाबिटच्या वर जात नाही. नळ डोक्यात असलेला विद्यार्थी इथे नसलेला बिघाड शोधत बसतो.

दुसरी गोष्ट संमतीची. नळ जोडला की जोडला. दोन स्विचना मात्र आधी एकमेकांशी ठरवावे लागते. त्यासाठीचा एलएसीपी हा प्रोटोकॉल २००० साली आयईईईच्या ८०२.३एडी या मानकात आला. २००८ पासून तो ८०२.१एएक्स मध्ये आहे. त्याच्या संदेशाची रचना वर्गात सांगण्यासारखी आहे. प्रत्येक स्विच स्वतःची ओळख आणि पोर्टचा गटक्रमांक कळवतो, आणि त्याच संदेशात 'तुझ्याविषयी मला हे कळले आहे' असेही लिहितो. आपले म्हणणे पलीकडे बरोबर पोहोचले की नाही, हे त्यावरून कळते. पुस्तके नेमके हेच गाळतात.

यात 'ॲक्टिव्ह' पोर्ट आपणहून बोलतो, 'पॅसिव्ह' पोर्ट समोरचा बोलला तरच. दोन्ही टोके पॅसिव्ह ठेवली तर केबल शाबूत, दिवे लागलेले, पण जोडणी नाही! रेल्वेत 'लाइन क्लिअर' कोणी मागायची हे ठरलेले असते: ज्याला गाडी पाठवायची आहे त्याने. इथे तसे बंधन नाही. पॅसिव्हची सोय मला तरी निरुपयोगी वाटते. दोन्हीकडे ॲक्टिव्ह ठेवावे हे बरे.

याहून वाईट म्हणजे न विचारताच जोडणी गृहीत धरणारी 'ऑन' ही मांडणी. एका टोकाला 'ऑन' आणि दुसऱ्याला एलएसीपी असेल, तर एक स्विच दोन्ही केबलवर पाकिटे वाटतो आणि दुसरा त्या केबलना एक मानतच नाही. मग काही संगणक सापडतात, काही सापडत नाहीत. नळाच्या उपमेतून हे लक्षण कधीच समजणार नाही. रुळांच्या उपमेतून समजते: ज्यांच्या गाड्या बंद रुळावर गेल्या, तेवढेच अडकले.

बिघाड शोधताना आपल्या पोर्टची मांडणी पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा समोरच्याकडून काय कळले तो रकाना पाहावा. तो शून्यांनी भरलेला असेल, तर पलीकडून काहीच ऐकू आलेले नाही. दोन पोर्टवर दोन वेगळ्या ओळखी दिसल्या, तर केबल दोन निरनिराळ्या स्विचमध्ये गेल्या आहेत. ओळख एकच पण गटक्रमांक वेगळे असतील, तर चूक पलीकडच्या मांडणीत आहे. पुस्तकांत याऐवजी एखाद्या कंपनीच्या स्विचच्या आज्ञा पाठ करायला दिलेल्या असतात.

शाळेत स्विच नसला तरी अडत नाही. दोन विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या द्याव्यात. प्रत्येकाने वर स्वतःचे नाव आणि खाली समोरच्याविषयी कळलेले लिहून पाठवावे. पुढच्या फेरीत दोघांच्याही कानात 'समोरच्याने लिहिल्याशिवाय लिहायचे नाही' असे सांगावे, आणि काम का अडले ते वर्गाला शोधू द्यावे.