कृषी बाजारावरील राज्यशासनाचे नियमन आणि आर्थिक विकास : वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

राज्यशासनाने व्यापार-उदिमावरील निर्बंध कमी केले की स्पर्धा वाढते, गुंतवणूक येते आणि आर्थिक विकासाला गती मिळते, हे प्रतिपादन १९९१ नंतरच्या आर्थिक चर्चेत जवळजवळ सिद्धान्त म्हणून स्वीकारले गेले आहे. मुंबई-पुण्यासारख्या औद्योगिक पट्ट्यात निर्बंध म्हणजे कारखान्यांचे परवाने, जमिनीची परवानगी व कामगार कायदे होत. वाशिम जिल्ह्यात मात्र याच प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झालेल्या या जिल्ह्यात वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १२ लाख असून तीपैकी चार-पंचमांशाहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात. २०१८ साली केंद्र शासनाने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा समावेश केला त्यांत वाशिम एक आहे. येथील बहुसंख्य कुटुंबांचा राज्याच्या आर्थिक नियमनाशी येणारा प्रत्यक्ष संबंध म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समिती होय. म्हणूनच नियमन कमी केल्याने विकास होतो काय, या प्रश्नाची चिकित्सा येथे शेतमालाच्या बाजाराच्या आधारे करणे उचित ठरते.

नियमनाचा उगम कारंजात :

या चर्चेत एक ऐतिहासिक बाब सहसा दुर्लक्षित राहते. भारतातील पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये स्थापन झाला तो कारंजा येथे. वऱ्हाड त्या वेळी निजामाकडून इंग्रजांच्या प्रशासनाखाली आलेला प्रदेश होता. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला आणि १९२८ साली शाही कृषी आयोगाने अशा नियंत्रित बाजारांचा देशभर विस्तार करावा अशी शिफारस केली. महाराष्ट्राचा १९६३ चा कृषी उत्पन्न पणन (नियमन) कायदा हा याच परंपरेचा वारसदार आहे.

या नियमनामागील प्रेरणा केवळ शेतकरीहिताची होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. इंग्लंडमधील गिरण्यांना स्वच्छ कापूस वाजवी दरात मिळावा हा त्यामागील साम्राज्याचा हेतू उघड होता. तथापि या व्यवस्थेतून खुली हर्राशी, प्रमाणित काटा, ठरलेली अडत व हमाली आणि तक्रार करण्यासाठी एक जागा हे घटक हळूहळू विकसित झाले व ते शेतकऱ्याच्याही उपयोगी पडले. नियमन कोणाच्या हेतूने जन्मले हा एक प्रश्न आणि ते कोणाच्या उपयोगी पडते हा दुसरा प्रश्न होय. नियमनमुक्तीचा विचार करतानाही हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

संरक्षणाचे कुंपण झाले तेव्हा :

नियमनमुक्तीच्या समर्थकांची टीका निराधार नाही. १९६३ च्या कायद्याने अधिसूचित शेतमालाचा व्यापार बाजार आवारात बांधून टाकला, तर व्यापाऱ्याला परवाना देण्याचा अधिकार त्या त्या समितीकडे आला. परिणामी अनेक ठिकाणी मोजकेच परवानाधारक खरेदीदार हर्राशीत उभे राहतात. आपसांत समजूत असल्यास बोली चढत नाही. शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी घातलेले कुंपण असे नव्या खरेदीदाराला बाहेर ठेवणारे कुंपण बनले.

याचे टोकाचे उदाहरण म्हणजे कापूस एकाधिकार खरेदी योजना. १९७२ पासून सुमारे तीन दशके महाराष्ट्रातील कापूस उत्पादकाला आपला कापूस शासनाच्या यंत्रणेलाच विकणे बंधनकारक होते. भाव पडलेल्या वर्षी हमी किमतीचा आधार मिळाला हे खरे. परंतु खुल्या बाजारात तेजी असताना कापूस शेजारच्या राज्यांत जाऊ लागला आणि मंदीत तोट्याचा भार राज्याच्या तिजोरीवर पडत गेला. राज्याची सीमा ओलांडून स्वतःचाच माल विकणारा शेतकरी कायद्याने गुन्हेगार ठरावा, ही विसंगती शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने सातत्याने मांडली. २००२ नंतर खासगी व्यापाराला मुभा मिळून ही मक्तेदारी संपुष्टात आली. हे नियमन गेले ते योग्यच झाले.

नियमनमुक्तीचे टप्पे आणि वाशिमचा अनुभव :

२००३ मध्ये केंद्राने आदर्श पणन कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. त्यानुसार महाराष्ट्राने २००६ साली कायद्यात दुरुस्ती करून थेट पणन, खासगी बाजार, शेतकरी-ग्राहक बाजार व करार शेतीला वाट दिली. जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला नियमनमुक्त झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वच शेतमालाबाबत आवाराबाहेरील नियमन उठविण्याचा अध्यादेश निघाला, परंतु माथाडी कामगार व व्यापारी यांच्या विरोधानंतर विधेयक मागे घ्यावे लागले. २०२० चे तीन केंद्रीय कृषी कायदे जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केले व त्याच वर्षाअखेर ते रद्द झाले.

वाशिम हा प्रामुख्याने सोयाबीन, तूर व हरभरा पिकविणारा जिल्हा असल्याने २०१६ च्या निर्णयाचा येथील शेतकऱ्याशी फारसा संबंध आला नाही. परंतु याहून महत्त्वाची बाब अशी की, येथे नियमनाबाहेरचा बाजार कायद्याने निर्माण करण्याची गरजच नव्हती. तो ‘खेडा खरेदी’ या नावाने पूर्वीपासून अस्तित्वात आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन घरात येते तेव्हा मळणीचे पैसे, उधारी, रब्बीची पेरणी आणि दिवाळी हे सर्व खर्च एकाच वेळी दाराशी उभे असतात. अल्पभूधारकाकडे तीन-चार पोती माल असेल तर गाडीभाडे करून बाजारात नेणे त्याला परवडत नाही. तो गावातच विकतो. तेथे हर्राशी नाही, काटा खरेदीदाराचा, ओलावा व काडीकचऱ्याची घट अंदाजाने, आणि हाती पक्की पावती नाही. नियमनाच्या अभावानेच स्पर्धा निर्माण होत असती, तर खेडा खरेदीत भाव सर्वाधिक मिळावयास हवा होता. प्रत्यक्षात जो सर्वांत गरजू तोच या ‘मुक्त’ बाजारात सर्वाधिक दुबळा ठरतो.

दोन राज्यांचे अनुभव :

या संदर्भात दोन उदाहरणे बोलकी आहेत. बिहारने २००६ साली बाजार समिती कायदा पूर्णतः रद्द केला. खासगी भांडवल येऊन नवे बाजार उभे राहतील ही अपेक्षा होती. ती मोठ्या प्रमाणात सफल झाली नाही आणि जुन्या आवारांची देखभालही मागे पडली. याउलट मध्य प्रदेशात २००० नंतर आयटीसी कंपनीने सोयाबीन पट्ट्यात ‘ई-चौपाल’ केंद्रे उघडली. शेतकऱ्याला गावातच भाव कळू लागला व मंडीबरोबर दुसरा खरेदीदार मिळाला. अपराजिता गोयल यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या केंद्रांमुळे मंडीतील सोयाबीनचे भावही सरासरी एक ते तीन टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. बिहारने व्यवस्था काढून घेतली. मध्य प्रदेशात आहे त्या व्यवस्थेशेजारी पर्याय उभा राहिला. शेतकऱ्याच्या पदरात भर पडली ती दुसऱ्या मार्गाने.

नियंत्रण कोणाचे?

केवळ राज्यशासनाच्या नियमनावर बोट ठेवणाऱ्या मांडणीत आणखी एक उणीव आहे. २०२१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सोयाबीनने विक्रमी भाव गाठले. त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने जनुकीय परावर्तित सोयापेंडीच्या १२ लाख टन आयातीला परवानगी दिली, डिसेंबरात सोयापेंडीवर साठामर्यादा आणली आणि २० डिसेंबर रोजी सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद केले. नवा माल बाजारात येण्याच्या तोंडावर आणि भर हंगामात झालेल्या या निर्णयांमध्ये बाजार समितीचा काडीमात्र वाटा नव्हता. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारभाव बहुतांश काळ त्याखालीच राहिला. हमीभावाने विक्रीसाठी ओलाव्याची १२ टक्क्यांची अट शिथिल करून १५ टक्के करावी लागली. मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क २० वरून १० टक्क्यांवर आले. आवाराचे दार उघडून आयातीचा व साठ्याचा दोर हातात ठेवणे याला बाजाराचे स्वातंत्र्य म्हणता येणार नाही.

प्रवेशाचे नियम आणि व्यवहाराचे नियम :

वरील विवेचनावरून असे दिसते की ‘नियमन’ या एकाच शब्दात दोन भिन्न गोष्टी सामावल्या आहेत. पहिली, बाजारात कोणी यावे हे ठरविणारे प्रवेशाचे नियम. दुसरी, आल्यावर कसे वागावे हे ठरविणारे व्यवहाराचे नियम. आवाराची सक्ती, समितीनिहाय परवाने व राज्याची मक्तेदारी पहिल्या प्रकारात येतात. त्यांनी खरेदीदार कमी केले. काटा, ओलावामापक, पावती, विनाविलंब चुकारा व व्यापाऱ्याची अनामत हे दुसऱ्या प्रकारात येतात. त्यांच्याशिवाय स्पर्धा असूनही ती शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही. व्यवहाराच्या नियमांनीही खर्च वाढतो, हा आक्षेप योग्य आहे. म्हणून ते मोजके व सर्वत्र समान असावेत. परंतु तो खर्च शासनाने टाळला तर नाहीसा होत नाही, घटीच्या रूपाने शेतकऱ्याच्या पोत्यातून वसूल होतो.

बाजार फीच्या प्रश्नाकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत राबविली जाते. सोयाबीन गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळाल्यास शेतकऱ्याला मंदीतील विक्री टाळता येते. फी बंद करताना ही सेवा कोण चालविणार, याचे उत्तर आधी द्यावे लागेल.

समारोप :

समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातून जातो आणि दूरच्या खरेदीदाराचे अंतर त्याने कमी केले आहे. त्या खरेदीदाराला परवान्याअभावी अडविणे हे विकासाला मारक ठरेल. परंतु तो आल्यानंतर काटा कोणाचा, पावती कोणती आणि चुकारा केव्हा, हे प्रश्न अनुत्तरित ठेवणे शेतकऱ्याला तितकेच मारक ठरेल. राज्यशासनाने प्रवेशाचे नियम निःसंकोच सैल करावेत आणि व्यवहाराचे नियम आवाराच्या भिंतीबाहेर, खेडा खरेदीच्या काट्यापर्यंत न्यावेत. जेथे बाजाराच्या नियमनाचा देशात प्रथम प्रयोग झाला त्या कारंजाच्या परिसरात नियमनाच्या या फेरमांडणीचा प्रारंभ व्हावा, हे इतिहासाला धरूनच होईल.