‘नाव गाव कशाला पुसता’ : एका उपेक्षित चित्रपटलावणीचे पुनर्मूल्यांकन

सारांश

मराठी समीक्षेने शाहिरी लावणीला साहित्यात मानाचे स्थान दिले. मात्र चित्रपटातील लावणीला ‘फर्माइशी’, ‘धंदेवाईक’ व ‘चावट’ अशी विशेषणे लावून ती अभ्यासाच्या कक्षेबाहेर ठेवली. ‘रंगल्या रात्री अशा’ (१९६२) या चित्रपटातील ‘नाव गाव कशाला पुसता’ ही लावणी या उपेक्षेचे ठळक उदाहरण होय. गीतकार जगदीश खेबूडकर, संगीतकार वसंत पवार व गायिका सुलोचना चव्हाण यांच्या या रचनेत नाव-गाव विचारण्याच्या सामाजिक रूढीलाच हरकत घेतलेली आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन केले आहे. तसेच या मूल्यांकनावर येऊ शकणाऱ्या आक्षेपांचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : चित्रपटलावणी, लोकप्रिय गीत, स्त्री-ओळख, जात, कोल्हापूर

प्रस्तावना

हातकणंगले परिसरात अनोळखी माणूस भेटला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो – “पाव्हनं, कुठलं म्हणायचं?” गाव कळले की आडनाव विचारले जाते, आणि तेवढ्याने समाधान झाले नाही तर “कुणापैकी?” असा तिसरा प्रश्न येतो. प्रश्न आपुलकीने विचारले जातात हे खरे. परंतु तिसऱ्या उत्तरानंतर समोरच्याला बसायला काय द्यायचे, पाणी कशातून द्यायचे, हे एकेकाळी ठरत असे, हेही तितकेच खरे. याच तालुक्यातील माणगाव येथे २१ व २२ मार्च १९२० रोजी भरलेल्या परिषदेत राजर्षी शाहू महाराज व डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर आले, ते ज्या व्यवस्थेच्या विरोधात, तिचे दैनंदिन कामकाज अशाच साध्या प्रश्नांतून चालत होते.

पदवी वर्गात लोकसाहित्य शिकवीत असताना प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांना एकदा ‘नाव गाव कशाला पुसता’ ही लावणी ऐकविली. वर्गात हशा पिकला. तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हे गाणं परीक्षेला आहे का?” परीक्षेला ते नव्हते. ‘का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर शोधताना हा लेख आकारास आला.

गीताची पार्श्वभूमी

राजा ठाकूर दिग्दर्शित ‘रंगल्या रात्री अशा’ हा चित्रपट १९६२ सालचा. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ने तमाशापटाची लाट आणली होती. पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात तो १३१ आठवडे चालला. त्या चित्रपटाचेही संगीतकार वसंत पवारच होते. तमाशाचा फड, ढोलकी आणि लावणी यांना पडद्यावर निश्चित गिऱ्हाईक आहे, हे निर्मात्यांच्या ध्यानी आले होते. तेव्हा ही लावणी मागणीनुसार घडविलेली आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे.

गीतकार जगदीश खेबूडकर (१९३२–२०११) हे कोल्हापूर जिल्ह्यातील हळदी गावचे. पेशाने शिक्षक. चित्रपटगीतकार म्हणून त्यांची वाटचाल याच गीतापासून सुरू झाली. म. गांधींच्या हत्येनंतर १९४८ साली उसळलेल्या जाळपोळीत त्यांचे घर भस्मसात झाले, आणि त्या आघातातून सोळाव्या वर्षी त्यांनी पहिली कविता लिहिली. त्या जाळपोळीत घराला आग लागण्यास आडनाव पुरेसे ठरत होते. या चरित्रात्मक तपशिलावरून गीताचा अर्थ काढणे समीक्षेच्या दृष्टीने धोक्याचे आहे. तो येथे काढलेला नाही. परंतु नाव विचारले जाणे म्हणजे काय, हे या कवीस पुस्तकातून शिकावे लागले नव्हते, एवढी नोंद अप्रस्तुत ठरू नये.

गायिका सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) यांचा जन्म मुंबईचा. माहेरच्या सुलोचना कदम या नावाने त्यांनी हिंदी चित्रपटांतून गायन केले; १९५१ च्या ‘ढोलक’मधील त्यांचा आवाज जाणकारांच्या आजही स्मरणात आहे. विवाहानंतर पती श्यामराव चव्हाण यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी लावणीच्या शब्दफेकीचा कसून अभ्यास केला. पुढे ‘लावणीसम्राज्ञी’ ही उपाधी, २०२२ साली पद्मश्री असे सन्मान त्यांना लाभले. म्हणजे गायिकेची उपेक्षा झाली असे म्हणता येत नाही. उपेक्षा झाली ती गीतांची. गौरवाच्या भाषणांत गीतांची नावे घेतली जातात. त्यांत काय म्हटले आहे, हे क्वचितच तपासले जाते. त्यातही ‘सोळावं वरीस धोक्याचं’चा उल्लेख आधी होतो, आणि प्रस्तुत लावणी ‘कोल्हापुरी ठसका’ एवढ्या शेऱ्यावर निकालात निघते.

नकाराचे व्याकरण

या लावणीच्या ध्रुपदाची रचना पाहण्यासारखी आहे. प्रारंभीच एक प्रश्न आहे. पण तो प्रश्नावरच विचारलेला प्रश्न आहे. कोणीतरी नाव आणि गाव विचारले आहे, हे आपणास तिच्या प्रत्युत्तरावरूनच कळते. विचारणारा पुरुष गीतात अनुपस्थित आहे. त्याला एकही शब्द मिळालेला नाही. त्यानंतर ती उत्तर देते, पण ते विचारलेल्या प्रश्नाचे नव्हे. नावाऐवजी ती एक टोपणनाव सांगते, आकाराने लहान पण जिभेला झोंबणाऱ्या मिरचीचे. गावाऐवजी ती एका संस्थानी शहराचे नाव सांगते, जेथे हजारो माणसे राहतात आणि ज्यावरून कोणाचेही घराणे कळत नाही. बाप कोण, नवरा कोण, ‘कुणापैकी’ – यांतील काहीही ती सांगत नाही. उत्तर मिळाल्याचा आनंद श्रोत्याला होतो, आणि माहिती मात्र त्याच्या हाती लागत नाही.

येथे तमाशातील स्त्रीच्या नावाची परंपरा लक्षात घेणे उद्‍बोधक ठरेल. यमुनाबाई वाईकर, विठाबाई नारायणगावकर, कांताबाई सातारकर ही नावे पाहावीत. या नावांत गाव आहे, कुळ नाही. जिथे बापाचे वा नवऱ्याचे नाव यावयाचे, तिथे गावाला ‘कर’ जोडून कलावतीने आपले व्यावसायिक नाव सिद्ध केले. ‘कोल्हापूरची’ म्हणून स्वतःची ओळख देणारी या लावणीतील स्त्री याच नामपरंपरेत बसते. अर्थात ही परंपरा जात लपविण्याची होती, असा सरधोपट निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. विठाबाईंच्या वडील-चुलत्यांचा फड ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने गाजला. तेथे जात फलकावर उघड होती. मुद्दा लपविण्याचा वा सांगण्याचा नसून, काय सांगायचे हे कोणी ठरवावे, याचा आहे. गीतातील स्त्री तो अधिकार स्वतःकडे ठेवते.

शाहिरी लावणीशी तुलना केली असता हे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम यांच्या शृंगारिक लावण्यांत स्त्री बहुधा विरहिणी असते, आर्जव करणारी असते, किंवा पुरुषाच्या नजरेतून नखशिखान्त वर्णिली जाते. प्रस्तुत ध्रुपदात आर्जव नाही आणि देहाचे वर्णनही नाही. स्वतःविषयी ती सांगते ती गोष्ट तिच्या रूपाची नसून तिच्या तिखटपणाची आहे.

स्वर आणि शब्दफेक

हा अर्थ केवळ छापील शब्दांतून मिळत नाही. तो गायनातून सिद्ध होतो. सुलोचना चव्हाण यांच्या गायकीचे वैशिष्ट्य असे, की त्या शब्द आळवीत नाहीत, फेकतात. ‘कशाला’ हा शब्द लिहिला तर साधा प्रश्नार्थक आहे. त्यांच्या तोंडी तो हरकत बनतो. ढोलकीच्या ठेक्यावर व्यंजनांना दिलेला आघात आणि ओळीच्या शेवटी अचानक आवरलेला स्वर यांमुळे बोलण्याचा रोखठोकपणा गाण्यात उतरतो. कोल्हापूरच्या बाजारात भाव करणाऱ्या बाईच्या बोलण्यात जी लय असते, तीच येथे सुरात बसविलेली आहे.

शिवाय, या गायिका जाहीर कार्यक्रमांत पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून, जागेवरून न हलता लावणी गात असत, हे सर्वश्रुत आहे. लावणीतील अदा त्यांनी देहावरून काढून पूर्णपणे आवाजात आणली. श्रोत्याला पाहण्यासारखे काही न देता ऐकावयास लावणे, हा एका अर्थी गीतातील नकाराचाच रंगमंचीय विस्तार होय. याला कोणी मध्यमवर्गीय सभ्यतेशी केलेली तडजोड म्हणेल. तसे म्हणण्यास जागा आहे. परंतु तडजोडीचेही दोन परिणाम असू शकतात, आणि दुसऱ्याकडे आपले लक्ष गेलेले नाही.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा, की हे गीत बाजारासाठी, मागणीनुसार तयार झालेले आहे; त्यात इतका अर्थ शोधणे हा समीक्षकाचा अट्टाहास होय. या संदर्भात एक दूरचे उदाहरण उपयुक्त वाटते. आपल्या वर्गांतील अनेक विद्यार्थिनी आज कोरियन पॉप संगीत ऐकतात. त्यातील ‘गर्ल्स जनरेशन’ हा मुलींचा ज्येष्ठ समूह २००७ साली एका मनोरंजन कंपनीने निवड करून, वर्षानुवर्षे प्रशिक्षण देऊन मंचावर आणला. त्यांचे पहिले गीत ‘इंटू द न्यू वर्ल्ड’ हे वरकरणी प्रेमाचे व आशेचे, कंपनीच्या साच्यातून निघालेले गीत होय. परंतु २०१६ साली सोल येथील इव्हा महिला विद्यापीठातील विद्यार्थिनींनी आंदोलनात पोलिसांसमोर हेच गीत एकमेकींचे हात धरून म्हटले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांविरुद्धच्या निदर्शनांतही ते पुन्हा ऐकू आले. गीत कोणत्या कारखान्यात तयार झाले, यावरून ते कोणाच्या तोंडी काय होईल हे ठरत नाही. मागणीनुसार निर्मिती हा दोष मानला, तर दरबारी व फडातील बिदागीवर जगलेल्या शाहिरांची लावणीही बाद करावी लागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शर्मिला रेगे यांनी १९९५ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात तमाशातील लावणी-कलावतींच्या श्रमाचे व लैंगिकतेचे वर्चस्वी जाती-वर्गांनी कसे अपहरण केले, याची मांडणी केली आहे. स्वातंत्र्यानंतर शासनाने तमाशावर बंधने आणली, तमाशाचे ‘शुद्धीकरण’ झाले, आणि त्याच काळात चित्रपटाने लावणी पडद्यावर नेली. गीत लिहिणारा पुरुष, गाणारी पार्श्वगायिका, पडद्यावर नाचणारी अभिनेत्री. या साखळीत फडावरची कलावती कोठेच नाही. तिचा आवाज उसना घेतला गेला आणि मोबदला तिच्यापर्यंत पोहोचला नाही. शिवाय स्त्रीला मिरची म्हणणे म्हणजे तिला चवीची वस्तू करणेच नव्हे काय?

या आक्षेपाचे पूर्ण निराकरण प्रस्तुत लेखकास करता येत नाही, आणि तसा आवही आणावयाचा नाही. मोबदल्याचा प्रश्न गीताच्या सौंदर्याने सुटत नाही. तथापि दोन गोष्टी नोंदविल्या पाहिजेत. एक, मिरची ही चवीची वस्तू असली तरी खाणाऱ्याला सावध करणारी आहे. रूपकाचा रोख निमंत्रणाइतकाच इशाऱ्याचाही आहे. दोन, अपहरणाची टीका खरी मानली तरी अपहृत वस्तूत मूळ मालकिणीची खूण शिल्लक राहू शकते. कलावतीने शतकानुशतके प्रेक्षकांच्या चौकशांना दिलेली हजरजबाबी उत्तरे या ध्रुपदात टिकून आहेत. गीत वाऱ्यावर सोडले, तर ती खूणही आपण पुसून टाकू.

तिसरा आक्षेप चावटपणाचा. तो वर्गातील हशाने व्यक्त झाला होता. हशा कशाला आला, हे मात्र विचारण्यासारखे आहे. ध्रुपदात अश्लील शब्द नाही. एक स्त्री आपले नाव सांगण्यास नकार देते आणि तो नकार मजेत देते, एवढेच घडते. नकार देणाऱ्या स्त्रीकडे चावट म्हणून पाहण्याची सवय श्रोत्याची आहे. ती गीताच्या माथी मारता येणार नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. (१) चित्रपटलावणीला शाहिरी लावणीची निकृष्ट नक्कल मानणे अपुरे आहे. तिच्यात स्त्री-निवेदकाच्या भूमिकेत महत्त्वाचे परिवर्तन दिसते. (२) ‘नाव गाव कशाला पुसता’ हे गीत ओळख सांगण्याच्या सक्तीला स्त्रीच्या मुखातून घेतलेली हरकत म्हणून वाचता येते व तसे वाचले जावे. (३) त्याच्या निर्मितीमागील विषमता नजरेआड न करताही त्याचे मोल मान्य करता येते.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात लोकप्रिय गीतांचा समावेश करावा, अशी केवळ औपचारिक शिफारस करून थांबणे पुरेसे नाही. दरवर्षी जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या मुलींना आपणही प्रथम नाव, गाव, आणि अर्जातील पुढच्या रकान्यात जात विचारतो. सवलतींसाठी ती माहिती आवश्यक आहे, आणि शाहू महाराजांनी १९०२ साली दिलेल्या आरक्षणाच्या या भूमीत त्या रकान्याचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु तोच प्रश्न रकान्याबाहेर, मार्गिकेत किंवा वसतिगृहाच्या खोलीत विचारला जातो, तेव्हा त्याचा हेतू बदललेला असतो. अशा वेळी उत्तर न देण्याचाही एक मार्ग असतो आणि तो हसतमुखाने चोखाळता येतो, हे सांगणारे गीत साठ वर्षांहून अधिक काळ आपल्याच जिल्ह्याच्या नावाने गाजत आहे. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न पुन्हा आला, तर ‘परीक्षेला नाही’ एवढ्यावर न थांबता, ते परीक्षेला असावे असे आपण अभ्यास मंडळाला लिहून कळविले पाहिजे.