क्रमांक सापडला, पुढे?

बार्बरा ब्रॅकमन यांचा ‘एन्सायक्लोपीडिया ऑफ पीस्ड क्विल्ट पॅटर्न्स’ (१९९३) सलग वाचायचा ग्रंथ नाही. त्यात शोधायचं असतं. तुकडे जोडून शिवलेल्या अमेरिकन गोधड्यांचे चार हजारांहून जास्त नमुने, प्रत्येकाला क्रमांक.

नमुना ओळखायला नाव माहीत असावं लागत नाही. परत परत येणारा चौकोन, म्हणजे ब्लॉक, आधी शोधायचा. मग तो शिवणींनी कसा विभागलाय ते मोजायचं. दोन बाय दोन असेल तर ‘फोर पॅच’, तीन बाय तीन असेल तर ‘नाइन पॅच’. त्या प्रकरणात जाऊन चित्र जुळवायचं. डेटाबेसवर काम करणाऱ्याला हे लगेच पटतं, कारण नावावर भरवसा ठेवणं शक्यच नाही. रूथ फिनली यांनी १९२९ मध्येच लिहून ठेवलंय की ओहायोतला ‘अस्वलाचा पंजा’ लाँग आयलंडवर ‘चिखलातलं बदकाचं पाऊल’ होतो आणि फिलाडेल्फियाच्या क्वेकर घरांत ‘मैत्रीचा हात’.

पण ही नावं बरीचशी छापील मजकुरातून आलीत. ‘कॅन्सस सिटी स्टार’ हे वर्तमानपत्र १९२८ ते १९६१ नमुने छापत होतं. त्यामुळे ग्रंथातलं नाव म्हणजे छापणाऱ्याने दिलेलं नाव. शिवणारी काय म्हणायची, ते त्यातून कळेलच असं नाही.

शिवण मोजताना रंगही निसटतो. ‘लॉग केबिन’चा ब्लॉक अर्धा फिकट, अर्धा गडद. तोच ब्लॉक वेगवेगळा फिरवून लावला की कधी एकात एक बसलेले शंकरपाळे दिसतात, कधी तिरपे पट्टे.

माझी खरी तक्रार अलाबामातल्या जीज बेंडपाशी सुरू होते. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात लागल्या. त्यांचा ‘हाउसटॉप’ म्हणजे एकात एक चौकटी, पण पट्ट्यांची रुंदी मध्येच बदलते, कोपरे सरकतात, कापड कामावरच्या जुन्या कपड्यांचं. ग्रंथात जवळचं चित्र मिळेल. आणि एकदा ते प्रमाण मानलं की त्या बाईने घेतलेला प्रत्येक निर्णय चूक वाटायला लागतो. फोटो दाखवून ‘हा कोणता पॅटर्न?’ विचारणाऱ्याला क्रमांक जरूर सांगावा. पण तिने चित्र कुठे सोडलं, तेही त्याच दमात दाखवावं.