अंथरूण कोणाचे? : फुटबॉल क्लबांचे कर्ज आणि नियमांची भाषा

व्यावसायिक फुटबॉलच्या अर्थव्यवहाराचा विचार भाषाविषयक पत्रिकेत करणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. तथापि हा व्यवहार ज्या नियमांनी बांधला आहे, ते नियम अखेर शब्दांचेच बनलेले असतात. ‘कर्ज’, ‘तोटा’, ‘भागभांडवल’ आणि ‘मालक’ या चार शब्दांचा अर्थ कसा लावावयाचा, यावर एखाद्या क्लबाचे गुण कापले जातात, एखाद्याचा परवाना नाकारला जातो, आणि शंभर-सव्वाशे वर्षांची एखादी संस्था स्पर्धेबाहेर फेकली जाते. तेव्हा या शब्दांची तपासणी करणे हे भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : प्रचलित नियम कर्जाची रक्कम मोजतात, परंतु कर्जाचे नाते पाहत नाहीत, आणि क्लबाचे जीवित रकमेपेक्षा नात्यावर अधिक अवलंबून असते. सुदैवाने म्हणा वा दुर्दैवाने, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच, पुण्यात, उपलब्ध आहे.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत ऋणवाचक शब्दांची वाण नाही. ‘ऋण’ हा संस्कृत, ‘कर्ज’ हा अरबीतून आलेला; परंतु व्यवहारात त्यांच्याभोवती जे शब्द उभे राहिले, ते केवळ पर्याय नव्हेत. ‘हातउसने’ म्हणजे कागदाविना, विश्वासावर घेतलेले. ‘तारणी कर्ज’ म्हणजे वस्तू अडकवून घेतलेले. ‘उधारी’ दुकानाशी असते, ‘तगाई’ सरकारशी. मराठवाड्यातील ऊसतोड मजूर मुकादमाकडून घेतो ती ‘उचल’. तिच्यात रक्कम गौण असून पुढील हंगामाचे श्रम बांधले जाणे हा मुख्य अर्थ आहे. ‘वर्गणी’ आणि ‘देणगी’ परत मागावयाच्या नसतात. तरी वर्गणी देणाऱ्याला कारभाराविषयी प्रश्न विचारता येतो, देणगीदाराला तो अधिकार आपोआप मिळत नाही. सारांश, आपली भाषा पैशाला नाव देताना तो किती हे पाहत नाही. तो कोणी, कोणाला, कोणत्या अटीवर दिला आणि परत मागण्याचा अधिकार कोणाचा, हे पाहते.

पाणिनीनेही ऋणाच्या व्यवहाराची स्वतंत्र दखल घेतली आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. देणे लागण्याच्या अर्थी येणाऱ्या धातूच्या योगाने उत्तमर्णाला, म्हणजे धनकोला, त्याने संप्रदानसंज्ञा दिली. दान ज्याला द्यावयाचे आणि ऋण ज्याला फेडावयाचे, ते दोघे व्याकरणात एका आसनावर बसतात. मराठीत ‘देणे’ हे क्रियापद दानाचेही आहे आणि त्याच रूपाचे नाम ऋणाचेही आहे. दान आणि ऋण यांची सीमा किती पुसट असू शकते, याची जाणीव भाषेला फार पूर्वीपासून आहे. फुटबॉलच्या नियमांत नेमकी हीच सीमा वादग्रस्त ठरली आहे.

युरोपीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये जे अर्थविषयक नियम स्वीकारले, त्यांचे नाव ‘फायनान्शियल फेअर प्ले’ असे होते. त्यांचे सार आपल्या म्हणीत सांगता येईल : अंथरूण पाहून पाय पसरावे. क्लबाने आपल्या उत्पन्नापेक्षा अधिक खर्च करू नये, एवढाच त्यांचा मूळ आग्रह. मात्र एक सवलत होती. सुरुवातीच्या काळात ठरावीक मुदतीत ५० लाख युरोपर्यंतचा तोटा क्षम्य होता. परंतु मालकाने तो भागभांडवल घालून भरून काढल्यास हीच मर्यादा ४ कोटी ५० लाख युरोपर्यंत वाढत असे. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, २०१६-१७ पासून याच धर्तीचा नियम आला. तीन हंगामांत मिळून १ कोटी ५० लाख पौंडांचा तोटा चालेल. मालकाने भागभांडवल दिले तर ३ कोटी ९० लाखांपर्यंत चालेल.

येथे बारकाईने पाहिले पाहिजे. पैसा तोच, देणारा तोच, घेणाराही तोच. त्याला ‘कर्ज’ म्हटले तर तोटा अवैध ठरतो; ‘भागभांडवल’ म्हटले तर तोच वैध होतो. यामागील तर्क निराधार नाही. भागभांडवल उद्या परत मागता येत नाही, कर्ज मागता येते. परंतु या दोहोंविषयी जो प्रश्न नियम विचारतो, तो काल दिलेल्या पैशाचा आहे. उद्या पैसा येईल काय, हा प्रश्न त्याच्या कक्षेत जेमतेम येतो. ज्या क्लबाचा रोजचा खर्चच मालकाच्या पैशावर चालतो, त्याच्या दृष्टीने मात्र हाच प्रश्न जीवनमरणाचा असतो.

शिवाय एकच ‘कर्ज’ हा शब्द परस्परविरुद्ध व्यवहारांना लावला जातो. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड सुमारे ७९ कोटी पौंडांना विकत घेतला. त्या किमतीचा मोठा भाग कर्जाऊ होता आणि त्याचा बोजा क्लबाच्याच हिशेबावर पडला. याउलट चेल्सीला रोमान अब्रामोविच यांनी दिलेले सुमारे १५० कोटी पौंडांचे कर्ज २०२२ मध्ये क्लब विकला गेला तेव्हा सोडून देण्यात आले. एके ठिकाणी क्लबाने स्वतःच्याच खरेदीची किंमत फेडावयाची, दुसरीकडे मालकाने वर्षानुवर्षे पैसा ओतावयाचा. आणि वृत्तपत्रांत दोन्हींचे वर्णन एकच : ‘क्लब कर्जबाजारी आहे.’ मराठीत ‘कर्ज काढणे’ या प्रयोगात कर्ता असतो; ‘कर्ज होणे’ या प्रयोगात तो लोपतो. ‘क्लबावर कर्ज झाले’ या वाक्यात कर्ज कोणी काढले हा प्रश्न उपस्थितच होत नाही. क्रीडापत्रकारितेने अकर्तृक रचनेची ही सोय फार सहजपणे स्वीकारली आहे.

आता पुण्याचे उदाहरण घेऊ. कुक्कुटपालनाच्या उद्योगात नाव मिळवलेल्या पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे ‘व्हेंकीज’ने, नोव्हेंबर २०१० मध्ये लँकेशायरमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. १८७५ मध्ये स्थापन झालेला हा क्लब इंग्लिश फुटबॉल लीगच्या १८८८ मधील संस्थापकांपैकी एक. गावचाच पोलाद-उद्योजक जॅक वॉकर याच्या पैशावर त्याने १९९५ मध्ये प्रीमियर लीगचे विजेतेपद मिळवले होते. पोशिंद्यावर जगण्याची सवय त्याला पुण्याशी संबंध येण्यापूर्वीच लागली होती, हे विसरता कामा नये. नव्या मालकीखाली क्लब २०१२ मध्ये दुसऱ्या श्रेणीत आणि २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरला. २०१८ मध्ये तो पुन्हा दुसऱ्या श्रेणीत आला. प्रेक्षकांचा रोष एवढा होता की मे २०१२ मधील विगनविरुद्धच्या सामन्यात क्लबाचा झेंडा पांघरलेली एक कोंबडी मैदानात सोडण्यात आली.

या काळात क्लबाचे देणे वाढत गेले, पण त्यातील मोठा भाग मालक समूहाचाच होता. मालकांनी धोरणात चुका केल्या असे टीकाकार म्हणतात, आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. परंतु पैसा थांबविला असे दीर्घकाळ कोणालाही म्हणता आले नाही. ताळेबंदाच्या भाषेत हा क्लब ऋणको होता. व्यवहारात त्याची स्थिती पोष्याची होती. या दोहोंतील अंतर उघड झाले ते वेगळ्याच दिशेने. परकीय चलनविषयक चौकशीच्या संदर्भात भारतातून क्लबाला पैसे पाठविण्यासाठी समूहाला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली. २०२३ मध्ये न्यायालयाने अशी परवानगी दिली ती तितक्याच रकमेची बँक हमी घेऊन. ब्लॅकबर्नच्या मैदानावरील वेतनाची व्यवस्था दिल्लीतील सुनावणीच्या तारखेशी जोडली गेली. त्याच हंगामात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, क्लबाच्या स्वतःच्या प्रशिक्षण केंद्रात घडलेला ॲडम व्हॉर्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. या दोन घटनांत सरळ कार्यकारणभाव लावणे घाईचे होईल. परंतु एवढे निश्चित की क्लबापुढील संकट कर्जाचा आकडा वाढल्यामुळे आले नाही. नवे कर्ज मिळण्याचा मार्ग अरुंद झाल्यामुळे आले. अंथरूण किती लांब हे नियमाने मोजले होते. ते कोणाचे, हे विचारले नव्हते.

हाच न्याय आपल्या क्लबांना लावून पाहता निष्कर्ष अधिक स्पष्ट होतो. राष्ट्रीय फुटबॉल लीगचे २००५-०६ चे विजेतेपद मिळविणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद करण्यात आला. २००७ मध्ये स्थापन झालेला आणि २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरलेला पुणे एफसी २०१५ मध्ये संपला. डीएसके शिवाजीयन्सचे आय-लीगमधील अस्तित्व दोन हंगामांचे ठरले. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१४ पासून २०१९ पर्यंत टिकला. नंतर त्याची जागा हैदराबादला गेली. गोव्यात पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळविणारा धेंपो, तसेच साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा, हे २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. या साऱ्यांची कारणे एकसारखी नव्हती. कोठे मालक उद्योगसमूह स्वतः अडचणीत आला, कोठे स्पर्धेच्या रचनेविषयी मतभेद झाले, कोठे केवळ धोरण बदलले. परंतु महिंद्रसारखा क्लब सावकाराच्या तगाद्याने बुडाला नाही. मालकाने हात आखडता घेतला आणि तो थांबला. कर्जावर कितीही कठोर नियंत्रण असते, तरी त्याने असा क्लब वाचला नसता.

भारतात नियमन नाही असे नाही. आशियाई महासंघाच्या चौकटीत क्लबांना परवाना घ्यावा लागतो, आणि निकष पूर्ण न केल्यामुळे २०१२-१३ चा विजेता चर्चिल ब्रदर्स २०१४ मध्ये आय-लीगबाहेर राहिला. परंतु परवान्याचा निकष क्लबाला लागू होतो. क्लब ज्यावर उभा आहे त्या पोशिंद्याला तो फारसा बांधत नाही. २०२५ मध्ये तर संपूर्ण स्पर्धाच या स्थितीत सापडली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा व्यापारी हक्कांविषयीचा २०१० चा करार पंधरा वर्षांनी, डिसेंबर २०२५ मध्ये, संपावयाचा होता. त्याच्या नूतनीकरणाचा निर्णय न झाल्याने इंडियन सुपर लीगचा हंगाम अडला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन स्थगित केले. २०१९ मध्ये मुंबई सिटीची ६५ टक्के मालकी घेणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपनेही त्याच डिसेंबरात अंग काढून घेतले.

यावर असा आक्षेप येईल की अर्थनियमांचे यश येथे दुर्लक्षिले जात आहे. तो आक्षेप अंशतः मान्य केला पाहिजे. युरोपातील सर्वोच्च श्रेणीच्या क्लबांचा एकत्रित तोटा २०११ मध्ये सुमारे १७० कोटी युरो होता. २०१७ मध्ये त्याच हिशेबात नफा दिसला. थकबाकीवरील निर्बंधांमुळे खेळाडूंचे वेतन अधिक नियमित झाले. परंतु याच काळात, २०१२ मध्ये, ग्लासगोच्या रेंजर्सची मूळ कंपनी अवसायनात गेली. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये बरी हा इंग्लिश क्लब लीगमधून काढला गेला, त्याच्या आदल्याच वर्षी तो एका पौंडाला हस्तांतरित झाला होता. एकंदर बेरीज सुधारली म्हणून प्रत्येक घटक सुरक्षित झाला, असे होत नाही. २०२२ मध्ये युरोपीय महासंघाने आपल्या नियमांचे नावच बदलले. ‘फेअर प्ले’ गेले आणि ‘सस्टेनेबिलिटी’, म्हणजे टिकाऊपणा, आला. न्याय्यतेचा दावा सोडून टिकण्याचा दावा करणे हा प्रामाणिकपणा म्हटला पाहिजे. मात्र टिकाऊपणा हा शब्द एकदा वापरला की ‘कोणाच्या आधाराने’ हा प्रश्न टाळता येत नाही.

या प्रश्नाची दोन उत्तरे उपलब्ध आहेत. जर्मनीत १९९८ पासून, काही अपवाद वगळता, क्लबातील निम्म्याहून अधिक मताधिकार सभासदांच्या संस्थेकडे ठेवण्याचा नियम आहे. तेथे अंथरूण सभासदांचे आहे. इंग्लंडने २०२५ च्या फुटबॉल कारभारविषयक कायद्याने स्वतंत्र नियामक निर्माण केला. तो क्लबाच्या ताळेबंदाबरोबर मालकाची पात्रता व त्याच्या पैशाचा उगमही तपासणार आहे. तेथे अंथरूण मालकाचेच, परंतु ते एकाएकी ओढून घेता येऊ नये असा प्रयत्न आहे. आपल्याकडे पहिल्या उत्तराचे बीज कोल्हापुरात आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पेठांच्या आधारावर उभे आहेत. ते व्यावसायिक क्लब नव्हेत, त्यांचा खर्चही लहान. आणि बाहेरचे खेळाडू आणण्याच्या चढाओढीपासून तेही अलिप्त राहिलेले नाहीत. त्यांचा आदर्श जसाच्या तसा उचलता येणार नाही. परंतु एखादा आश्रयदाता निघून गेला म्हणून पेठ आपला संघ दुसऱ्या शहराला देऊन टाकील, ही कल्पना तेथे संभवत नाही.

तेव्हा परवान्याच्या कागदावर तोट्याच्या रकाण्याइतकाच दुसरा एक रकाना आवश्यक आहे : देणाऱ्याने देणे थांबविल्यास हा क्लब किती महिने चालेल, आणि त्या महिन्यांची हमी कोणी, कोठे ठेवली आहे? अशी हमी आगाऊ घेतली असती तर पुण्याचे क्लब कायमचे टिकले असते असे नव्हे. परंतु खेळाडूंना, प्रशिक्षकांना आणि प्रेक्षकांना नवी व्यवस्था उभारण्यास अवधी मिळाला असता. मराठीत या विषयावर लिहिणारांकडूनही एक साधी अपेक्षा आहे. ‘क्लब कर्जात आहे’ असे लिहिताना कर्ज कोणी काढले, कोणाकडून, आणि ते परत मागण्याचा अधिकार कोणाला, या तीन कारकांची जागा वाक्यात भरावी. ती भरली की निम्मी समीक्षा तेथेच होते.