चौक आणि चौथरा

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण स्वतःचे घर बांधणाऱ्याच्या कष्टांविषयी आहे. ज्यांची ओळखदेखील नाही अशा शेकडो कुटुंबांची घरे आखणे, ही त्याहून कठीण कसोटी. चार्ल्स कोरिया (१९३०-२०१५) आणि बाळकृष्ण दोशी (१९२७-२०२३) या दोन आधुनिक भारतीय वास्तुकारांमधला खरा भेद याच कसोटीवर स्पष्ट होतो.

दोशी पुण्यात, लाकडी सामान घडवणाऱ्या कुटुंबात जन्मले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर पॅरिसमध्ये ते ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली राबले. पुढे अहमदाबादेत त्यांनी गुरूच्या इमारतींवर देखरेख केली आणि १९६२ साली तेथे वास्तुकलेचे विद्यालय उभारले. कोरिया मूळचे गोव्याच्या घराण्यातले. मिशिगन व एम. आय. टी. येथे शिकून १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत व्यवसाय मांडला. एकाची घडण गुरुगृही झाली, दुसऱ्याची विद्यापीठात.

कोरियांच्या वास्तूंत आकाश हे जणू बांधकामाचे साहित्यच आहे. साबरमतीच्या गांधी संग्रहालयात (१९६३) कौलारू दालनांच्या मधोमध मोकळे चौक आहेत. दादरच्या साल्वासाव चर्चमध्ये काँक्रीटच्या शंकूसारख्या छतांखाली उपासना चालते आणि त्यांच्या जोडीला उघडी अंगणे आहेत. दोशींची ओढ मात्र जमिनीकडे. ‘संगाथ’ या त्यांच्या कार्यालयाची कमानदार छते अर्धवट भूमीत रुतलेली असून वर चिनीमातीचे फुटके तुकडे जडवले आहेत. कोरियांच्या रेषेत नेटकेपणा आहे. दोशींच्या रेषेत हाताची ऊब.

आता मूळ कसोटीकडे वळू. नव्या मुंबईत बेलापूरला कोरियांनी १९८० च्या दशकात सात-सात घरे सुमारे ८ मीटरच्या चौकाभोवती गुंफली. कोणत्याही दोन घरांची भिंत सामायिक ठेवली नाही, म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्रपणे वाढता यावे. त्याच दशकात दोशींनी इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीत याहून कमी बांधले. गरिबांच्या ३५ चौरस मीटरच्या भूखंडावर चौथरा आणि पाणी व शौचालयाची सोय एवढेच दिले. नमुना म्हणून ८० घरे उभारली; बाकीचे कुटुंबावर सोपवले.

बेलापूरच्या अनेक रहिवाशांनी मूळची कौलारू घरे पाडून काँक्रीटचे मजले चढवले, हा कोरियांचा पराभव मानला जातो. मला तो अर्धाच पटतो. घराचे देखणे रूप त्यांनी आधीच ठरवले होते आणि ते टिकले नाही, हे खरे. पण शेजाऱ्यांना एकत्र आणणारा चौक हीच त्यांची खरी देणगी होती. दोशींनी रूपाचा आग्रहच सोडला, ही त्यांची थोरवी. तरीही भिंत उभारण्याइतकी पुंजी ज्याच्यापाशी नाही, त्याला चौथऱ्याचे स्वातंत्र्य ओझेच वाटणार, हेही विसरता येत नाही.

दोशींना २०१८ साली प्रित्झ्कर पारितोषिक लाभले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. या सन्मानाने कोरिया उणे ठरत नाहीत. एकाने शेजार रचला, दुसऱ्याने घरधन्यावर विश्वास टाकला. आज जुनी घरे पाडून नवी बांधताना आपण खोल्या मोजतो, फरशीचा रंग निवडतो. शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायला जागा कुठे उरेल, हेही नकाशा मंजूर करण्यापूर्वी विचारायला हवे.