गंधक आधी संपतो

शिर्डीजवळच्या प्रवरानगरला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना आहे. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने तो उभा राहिला आणि १९५०-५१च्या हंगामात त्याचं गाळप सुरू झालं. साखर कारखान्यात गेलेला माणूस गव्हाणीत पडणारा ऊस बघतो, पोती बघतो. मला मात्र रस साफ होतो ती जागा सर्वांत देखणी वाटते. पांढऱ्या साखरेसाठी आपल्याकडे रूढ असलेल्या सल्फिटेशनमध्ये गढूळ रसात चुन्याचं दूध आणि जळत्या गंधकाचा वायू एकत्र येतात.

कागदावर १०० किलो शुद्ध कळीचा चुना घ्या आणि ४८ किलो गंधक. चुना दुपटीहून जास्त दिसतो, पण रसायनं मोल, म्हणजे कणांची संख्या, मोजतात, किलो नव्हे. त्या हिशेबाने वजनी ३२ भाग गंधकाला ५६ भाग चुना लागतो, म्हणजे ४८ किलोला ८४. सोळा किलो चुना उरतो आणि गंधक आधी संपतो. तोच इथला लिमिटिंग रिएजंट. कॅल्शियम सल्फाइट तयार होतं १८० किलो.

आता बेरीज करून बघा. ८४ आणि ४८ म्हणजे १३२. वरचे ४८ किलो आले कुठून? भट्टीत जळताना गंधकाने स्वतःच्या वजनाइतकाच ऑक्सिजन हवेतून उचलला! काट्यावर कधीच न चढलेल्या हवेचा हा वाटा मला फार मोहवतो. पाण्याची तऱ्हा त्याहून सुरेख: ८४ किलो चुना भिजताना २७ किलो पाणी शोषतो आणि सल्फाइट होताना तेवढंच्या तेवढं परत करतो.

परीक्षेतलं गणित इथे संपतं. कारखान्यात खरी गंमत त्या सोळा किलोंत आहे. चुना वरचढ झाला, तर तापलेल्या रसातले ग्लुकोज-फ्रुक्टोज बिघडून रंग काळवंडतो. वायू वरचढ झाला, तर आम्लात सुक्रोजच फुटतं. त्या साखरेचा दाणा बनत नाही, ती मळीत जाते. म्हणून रसाचा पीएच सातच्या आसपास धरून ठेवायचा. पण रसातले फॉस्फेट आणि सेंद्रिय आम्लंही चुन्यावर हक्क सांगतात. फॉस्फेटचा साका गाळ कवटाळून क्लॅरिफायरच्या तळाशी बसतो. कागदावर उरलेला चुना असा कामी येतो. किती, ते उसावर ठरतं, आणि ऊस प्रत्येक शेतातला वेगळा. म्हणून केमिस्ट हिशेब हाताशी ठेवूनही पाळीभर रसाचे नमुने तपासत राहतो आणि चुन्याचा व्हॉल्व्ह थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवतो.